भूमध्य सागराकांठचा आनुवंशिक ज्वर

संध्याकाळपर्यंत अंगणांत खेळत असलेला मुलगा रात्रीं एकाएकीं तापानें फणफणतो. पोटांत अशी कळ उठते कीं, तो कोणाला हात लावूं देत नाहीं. डॉक्टर येतात, पोट फळीसारखें कडक झालेलें पाहतात आणि अपेंडिसायटिसचें निदान करून शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. परंतु तिसरे दिवशीं ताप उतरतो, कळ नाहींशी होते आणि मुलगा जेवावयास मागतो. कांहीं आठवडे गेले कीं पुन्हां तोच प्रकार. कधीं पोटाऐवजीं छातींत चमक निघते, कधीं गुडघा किंवा घोटा सुजतो. मधल्या काळांत प्रकृति ठणठणीत!

भूमध्य सागराच्या पूर्वेकडील प्रदेशांत हें दुखणें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. आर्मेनियन, तुर्क, अरब आणि ज्यू या समाजांत तें विशेष आढळतें. म्हणून त्यास 'भूमध्यसागरी कौटुंबिक ज्वर' असें नांव पडलें. हा ताप जंतूंनीं येत नाहीं, डासांनीं येत नाहीं, एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. तो आईबापांकडून वारशानें येतो. आपोआप जाणाऱ्या दुखण्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं, आणि या रोग्यांपैकीं कित्येकांनीं ढोंगीपणाचा आरोप ऐकला आहे. कित्येकांच्या पोटावर अनावश्यक शस्त्रक्रियेचे व्रण आहेत.

१९०८ सालीं अमेरिकेंतील जेनवे व मोझेन्थाल या डॉक्टरांनीं अशा एका मुलीची हकीकत नमूद केली. १९४५ सालीं न्यूयॉर्कचे शेपर्ड सीगल यांनीं दहा रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि या दुखण्यास 'सौम्य' हें विशेषण जोडलें. तें विशेषण सात वर्षेंच टिकलें. १९५२ सालीं पॅरिसमध्यें मामू व कातां यांनीं स्वतः तपासलेल्या १४ रोग्यांची माहिती दिली. त्यांपैकीं आठांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं होतीं. खरा घातक प्रकार हाच होय. ताप येतो तेव्हां यकृत एक विशिष्ट प्रथिन भरमसाट प्रमाणांत तयार करितें. ताप जातो, पण त्या प्रथिनापासून बनलेले अ‍ॅमिलॉइड नांवाचे न विरघळणारे तंतु मूत्रपिंडांत सांचत जातात. कळ येत नाहीं, सूज दिसत नाहीं. आणि पुष्कळदां तारुण्यांतच मूत्रपिंड निकामी होतें. आज रूढ असलेलें रोगाचें नांव इस्रायलमधील हेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५८ सालीं दिलें.

उपाय सांपडला तो मात्र अगदीं जुन्या औषधांत. कॉल्चिसिन हें द्रव्य कॉल्चिकम नांवाच्या कंदापासून मिळतें आणि युरोपांत तें गाउट या संधिरोगावर पूर्वापार देत असत. आपल्याकडील हकिमांचा सुरंजान याच जातीचा. कोंकणांतल्या कुंपणांवर पावसाळ्यांत फुलणाऱ्या कळलावींतहि हेंच द्रव्य असतें. मात्र कळलावी हें जहाल विष आहे, तिच्याशीं घरगुती प्रयोग करावयाचे नसतात. १९७२ सालीं बोस्टनचे डॉ. गोल्डफिंगर यांनीं एका छोट्या पत्रांत कळविलें कीं, रोज कॉल्चिसिन घेणाऱ्या रोग्यांचे झटके थांबतात. त्याच वर्षीं तुर्कस्तानांतील ओझकान व त्यांच्या सहकाऱ्यांनींहि स्वतंत्रपणें हेंच सांगितलें. गोल्डफिंगर यांच्या पत्राइतका त्याचा गाजावाजा झाला नाहीं. दोन वर्षांत रीतसर प्रयोगांनीं ही गोष्ट सिद्ध झाली. पुढें इस्रायलमध्यें १,०७० रोग्यांवर दीर्घकाळ लक्ष ठेवण्यांत आलें आणि १९८६ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आरंभीं ज्यांचीं मूत्रपिंडें निरोगी होतीं, त्यांपैकीं औषध नेमानें घेणाऱ्यांत अकरा वर्षांनीं लघवींत प्रथिन उतरण्याचें प्रमाण शेंकडा १.७ होतें, औषधांत कुचराई करणाऱ्यांत नऊ वर्षांनींच तें शेंकडा ४८.९ झालें. गोळी स्वस्त, पण ती जन्मभर घ्यावी लागते, आणि अंगांत ताप नसतां रोज गोळी घेणें मनुष्यस्वभावास जड जातें.

१९९७ सालीं संशोधकांच्या दोन संघांनीं एकाच वेळीं सदोष जनुक शोधून काढलें. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनास एकांनीं अग्नीवरून 'पायरिन' म्हटलें, दुसऱ्यांनीं रोमन लोकांनीं भूमध्य सागरास दिलेल्या नांवावरून 'मारेनॉस्ट्रिन'. पहिलें नांव प्रचारांत राहिलें. पायरिन हा पांढऱ्या पेशींतील पहारेकरी होय. कांहीं जंतु आपल्या विषानें पेशीची अंतर्गत व्यवस्था बिघडवितात. तो बिघाड ओळखून हा पहारेकरी दाहाची घंटा वाजवितो, असें १९१४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१४ सालीं, बीजिंगच्या संशोधकांनीं दाखविलें. रोग्याच्या अंगांतील पहारेकरी इतका हळवा असतो कीं, चोर नसतांहि तो घंटा वाजवितो. शरीर स्वतःच पेटविणाऱ्या अशा विकारांस 'स्वयंदाही' हें नांव १९९९ सालीं मिळालें.

असा दोष इतक्या लोकांत टिकला कसा? प्लेगचा जंतु पायरिनचा आवाज दाबून टाकतो. सदोष पायरिन मात्र सहजासहजीं दबत नाहीं, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. असा दोष असलेले उंदीर प्लेगला अधिक काळ तोंड देतात. १८९६-९७ सालीं मुंबई-पुण्याची दैना करणारा जंतु तो हाच. एकच सदोष जनुक असलेले लोक पूर्वींच्या साथींत अधिक वांचले असावेत, असा तर्क त्यावरून निघतो.

याहून विचार करावयास लावणारा निष्कर्ष २००७ सालचा आहे. १४ देशांतील २,४८२ रोग्यांची माहिती एकत्र केली असतां असें दिसलें कीं, मूत्रपिंडाचा धोका जनुकांतील बदलापेक्षांहि रोगी कोणत्या देशांत राहतो यावर अधिक अवलंबून असतो, आणि जेथें बालमृत्यु जास्त तेथें हा धोकाहि जास्त. आर्मेनियांत हा उपद्रव पुष्कळ. कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या आर्मेनियन रोग्यांच्या १९७४ सालच्या पाहणींत तो जवळजवळ नव्हताच. रक्त तेंच, भूमि निराळी!

आतां संशोधनाचा मोठा भार तुर्कस्तानानें उचलला आहे. कॉल्चिसिनला दाद न देणाऱ्या थोड्या रोग्यांसाठीं, ताप आणणाऱ्या इंटरल्यूकिन-१ या द्रव्यास अडविणारीं इंजेक्शनें निघालीं आहेत. तीं गुणकारी, पण फार महाग आहेत. जपानांतहि आतां शेंकडों रोगी ओळखले गेले आहेत. रोगाच्या नांवांतील भूमध्य सागरामुळें दूरच्या देशांत त्याची शंकाच येत नसे. भारतांत या जनुकांतला एक बदल पुष्कळ निरोगी लोकांतहि सांपडतो आणि त्यास कितपत महत्त्व द्यावें याविषयीं तज्ज्ञांत वाद आहे. त्यामुळें केवळ रक्ततपासणीच्या कागदावर निदान होत नाहीं. जाणता वैद्य प्रथम इतकेंच विचारतो: ताप किती दिवस राहतो, मधल्या काळांत मूल कसें असतें, आणि घरांत आणखी कोणास असें होत असे काय?