बस विकत घेता येते, फेरीचे काय?

मुंबईच्या लोकलगाड्या प्रामुख्याने उत्तर-दक्षिण धावतात. नकाशा पाहिला की ही गोष्ट ध्यानात येते. तिचा अर्थ मात्र सायंकाळी सहा वाजता कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेस उभे राहिल्यावरच कळतो. मध्य रेल्वेने आलेल्या माणसाला वांद्र्याला जायचे असेल, तर दादरचा किंवा वडाळ्याचा वळसा घ्यावा, नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुलातून जाणाऱ्या ३१० क्रमांकाच्या बसची रांग धरावी. गेल्या पावसाळ्यात मी दुसरा मार्ग पत्करला. माझ्या पुढे हातात डबा घेतलेली एक परिचारिका होती, मागे सुरक्षारक्षकाच्या गणवेशातला एक तरुण. संकुलात शिरल्यावर बस थबकली. खिडकीतून मी शेजारच्या गाड्या मोजल्या. ४० गाड्यांपैकी ३१ गाड्यांत चालकाखेरीज कोणी नव्हते. आमच्या एका बसमध्ये उभे धरून साठ-पासष्ट माणसे असावीत, आणि ती त्या गाड्यांच्या मागे तिष्ठत होती.

रस्त्यावरील जागेचे वाटप वाहने मोजून नव्हे, तर माणसे मोजून करावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने स्पष्ट लिहून ठेवले आहे. तेव्हा मी सेवेत होतो आणि ते वाक्य मी अधोरेखित केल्याचे स्मरते. अधोरेखन हा आम्हा अधिकाऱ्यांचा आवडता व्यायाम.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मुंबईच्या बसची कहाणी वाहनांपेक्षा हिशेबाची वाटते. १८७४ साली तेथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०५ साली वीज आणि ट्राम हे दोन्ही व्यवसाय एकाच कंपनीच्या छत्राखाली आले, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली मोटारबस निघाली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये हा सारा संसार महापालिकेकडे आला आणि ‘बेस्ट’ हे नाव घराघरांत रुजले. वीज आणि वाहतूक एका घरात असल्याचा लाभ असा, की एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने खर्चता येत असे. दक्षिण मुंबईतील दिव्याच्या देयकातून गोवंडीच्या कामगाराची फेरी निघे. ही व्यवस्था न्याय्य होती की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण फेरीला कोणी तरी धनी होता.

२००३ च्या विद्युत कायद्यानंतर वीजग्राहकाकडून बसचा तोटा वसूल करणे उत्तरोत्तर कठीण होत गेले आणि अखेरीस थांबले. त्या जागी दुसरा कायमचा स्रोत कोणी निर्माण केला नाही. २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या घरात असलेला बसताफा आता तीन हजारांच्या खाली आला आहे आणि त्यातील बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. मधल्या काळात, २०१९ च्या जुलैमध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले गेले, तेव्हा टाळ्या पडल्या. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले, तेव्हा ओरड झाली. थांब्यावरच्या माणसाचा खरा प्रश्न मात्र दोन्ही वेळी एकच होता: गाडी केव्हा येणार? कंत्राटाचेही स्वतःचे प्रश्न आहेत. ९ डिसेंबर २०२४ रोजी याच कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील विजेच्या बसने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा चालकाच्या प्रशिक्षणाची चर्चा झाली. प्रतिकिलोमीटर दरात प्रशिक्षणाचे दिवस कोणाच्या खाती धरायचे, हा त्या चर्चेचा गाभा असायला हवा होता.

हे लिहिताना मी स्वतःला वगळू शकत नाही. सेवेच्या मध्यावर एका जिल्ह्याच्या गावी मी नगरबसच्या समितीवर होतो. रात्री सव्वानऊची शेवटची फेरी तक्त्यात सर्वांत तळाशी असे. उत्पन्न डिझेलपुरतेही नव्हते. ती बंद करण्याच्या टिपणीवर मी सही केली. तीन महिन्यांत त्याच मार्गावरील सकाळच्या फेऱ्यांचेही उत्पन्न घटले. रात्री परतण्याची शाश्वती नसलेला माणूस सकाळी तरी बसने कशाला निघेल? ही साधी गोष्ट आमच्या तक्त्यात मांडण्याची सोय नव्हती. त्याच सुमारास रुग्णालयातील एक आया अर्ज घेऊन आली. तिची पाळी नऊला संपे. ती भांडली नाही. ‘साहेब, कागदावर प्रवाशांचा प्रतिसाद नाही असं लिहिलंय. आम्हाला कुणी विचारलं होतं का?’ एवढेच म्हणाली. त्या अर्जावर मी ‘नोंद घेतली’ असा शेरा मारला. फेरी पुन्हा सुरू झाली नाही.

आपल्या अर्थसंकल्पांत खरेदीला शीर्ष असते, चालवण्याला नसते. २००९ मध्ये नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून देशभरातील शहरांना बस मिळाल्या, हिरवे झेंडे हलले. पण टायर, सुटे भाग आणि चालकाचे वेतन यांसाठी पैसा कोठून यावा, हे अनेक पालिकांना ठाऊकच नव्हते. या दृष्टीने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘पीएम ई-बस सेवा’ मला वेगळी वाटते. १६९ शहरांसाठी १०,००० विजेच्या बस, एकूण अंदाजित खर्च ५७,६१३ कोटी रुपये आणि त्यांपैकी केंद्राचे २०,००० कोटी, हे आकडे मोठे आहेतच. त्याहून महत्त्वाचे हे, की दहा वर्षे गाडी चालवण्यासाठी साहाय्य देण्याची तरतूद तीत आहे. फेरीचा धनी निदान दहा वर्षांपुरता तरी नेमला गेला. अकराव्या वर्षी काय, हे आजच ठरवायला हवे. लंडनने २००३ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर गर्दीशुल्क बसवले, तेव्हा पहिली दहा वर्षे त्याचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्चण्याचे बंधन कायद्याने घातले होते आणि त्यातील मोठा वाटा बससेवेकडे गेला. रस्ता अडवणाऱ्याने रस्ता वापरणाऱ्याच्या फेरीला हातभार लावावा, असा तो सरळ व्यवहार होता. वांद्रे-कुर्ला संकुलातील वाहनतळांच्या शुल्कापासून आपल्याकडे आरंभ करता येईल.

मी राहतो ते झाशीचे प्रेम नगर म्हणजे मुंबई नव्हे. उत्तर प्रदेशाने विजेच्या बससाठी निवडलेल्या १४ शहरांत झाशी आहे. तरी आमच्या गल्लीतली माणसे अजून वाटेत वाहने बदलतच कानपूर रस्त्यावरील वैद्यकीय महाविद्यालय गाठतात. शेजारची एक मुलगी त्याच रस्त्यावरील बुंदेलखंड विद्यापीठात शिकते. टेंपोने एलाइट चौक, तेथून दुसरा टेंपो. तिचा प्रयोगशाळेचा तास साडेपाचला संपतो आणि हिवाळ्यात तोवर अंधार पडतो. अंधार पडला की टेंपोवाले सवारी भरेपर्यंत हलत नाहीत, किंवा पूर्ण गाडीचे भाडे मागतात. पहिल्या वर्षी तिने तो तास कित्येकदा बुडवला. यंदा तिच्या वडिलांनी हप्त्यावर स्कूटी घेऊन दिली. आता एलाइट चौकातल्या कोंडीत तीही असते.