खाडीकाठचा अवघड उजेड

महाविद्यालयांच्या वार्षिकांत छायाचित्रांची दोन-चार पाने असतात आणि त्यांत निदान तीन तरी सूर्यास्त असतात, हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे. सूर्यास्ताविषयी माझे काही वाकडे नाही. परंतु सूर्यास्त काढताना छायाचित्रकाराला फारसे कष्ट पडत नाहीत. बरेचसे काम सूर्यच करून टाकतो. खरी परीक्षा होते ती दुपारी बाराच्या उन्हात, पावसाळी आभाळाखाली, किंवा चिखलावर उतरलेल्या पांढऱ्याशुभ्र बगळ्यासमोर. आमची नवी मुंबई या बाबतीत मोठी कडक परीक्षक आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकची डोंगररांग, मध्ये काचेच्या इमारती आणि कारखान्यांची धूळ. असा सरमिसळ उजेड फार थोड्या गावांना लाभत असेल.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला माझ्या यशाने मिळालेला नाही. तो एका फसलेल्या छायाचित्राने दिला आहे, म्हणून आधी त्याची हकीकत सांगतो.

नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे, कोंबडभुजे, तरघर, गणेशपुरी अशी दहा गावठाणे उठली. उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्या दहांपैकी एका गावी माझ्या आत्याचे घर होते. २०१८ च्या मे महिन्यात घर सोडायचा दिवस ठरला, तेव्हा तिने मला निरोप धाडला, "कॅमेरा घेऊन ये. घराचा एक फोटू पाहिजे." मी पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. टेम्पो अंगणात उभा, निम्मे सामान चढलेले. आत्या पडवीत उंबऱ्यापाशी बसली, मागे माजघराचे दार, दारातून दिसणारे जाते. मी अंगणात उभा राहून दहा-बारा फोटो काढले. टेम्पोवाला घाई करीत होता. संध्याकाळी संगणकावर पाहतो तो काय, अंगण दुधासारखे पांढरे, कौले झगझगीत, आणि पडवीच्या जागी एक काळे भोक. त्या काळोखात कुठेतरी माझी आत्या बसलेली होती. घर दुसऱ्याच दिवशी पाडले गेले, त्यामुळे 'पुन्हा काढू' म्हणायची सोय उरली नाही.

माझ्या डोळ्यांना तर ती तेव्हा स्वच्छ दिसत होती. मग कॅमेऱ्याला का दिसली नाही?

आपला डोळा सगळे दृश्य एकदम पाहत नाही. तो अंगणाकडे वळला की बाहुली आकसते, पडवीकडे वळला की रुंदावते, आणि या तुकड्यांची गोळाबेरीज मेंदू बिनबोभाट करीत असतो. कॅमेऱ्याला मात्र एकाच क्षणी, एकाच मापाने सारा उजेड घ्यावा लागतो. हे माप मोजण्याची पायरी म्हणजे 'स्टॉप'. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट, कमी झाला की निम्मा. जुने छायाचित्रकार एक सोपा आडाखा सांगत. लख्ख उन्हात छिद्र एफ सोळावर ठेवावे आणि फिल्मचा वेग शंभर असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या जवळपास, म्हणजे १/१२५ वर लावावे. हा आडाखा आजच्या डिजिटल कॅमेऱ्यालाही तंतोतंत लागू पडतो. आता त्याच वेळी मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत जा. तिथे छिद्र एफ ५.६ पर्यंत उघडावे लागते. सोळा, अकरा, आठ, ५.६ अशा या तीन पायऱ्या झाल्या, म्हणजे उजेड आठपट कमी. कौलारू पडवीच्या आत आणखी दोन पायऱ्या धरा. ऊन आणि पडवी यांत बत्तीसपट फरक पडला. माजघराचे दार त्याहून काळोखे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बिचारा या सगळ्याची सरासरी काढायला बसतो. आणि माझ्या चित्रात तीन हिस्से अंगण असल्यामुळे त्याने अंगणाच्या बाजूने निकाल दिला.

त्यात मे महिना. मुंबई-नवी मुंबई परिसरात १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७ जुलैच्या सुमारास सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो. आपली सावली पायांखाली नाहीशी होते, म्हणून त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. हा मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसून साधारण बारा पस्तीसला असतो. मी ज्या घटकेला शटर दाबले त्याहून वाईट घटका वर्षभरात शोधूनही सापडली नसती. अशा उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाखाली मिशी उगवते, मग ती बाई का असेना.

काय करायला हवे होते? आत्याला दोन हात पुढे, पडवीच्या कडेला आणून बसवायचे. तिथे ऊन लागत नाही, पण मोकळ्या आभाळाचा आणि अंगणातून परतणारा मऊ उजेड तोंडावर येतो. मी अंगण सोडून पडवीतच जायला हवे होते, म्हणजे चित्रातले ऊन आपोआप वजा झाले असते. किंवा टेम्पोत चढवलेल्या गाठोड्यातली एक पांढरी चादर उन्हात धरून तिचा उजेड आत फेकायचा. किंवा, आणि हे सर्वांत चांगले, पाच वाजेपर्यंत थांबायचे. घर पश्चिममुखी होते. उतरते ऊन थेट जात्यापर्यंत जात असे, हे मला लहानपणापासून माहीत होते. माहीत असूनही सुचले नाही.

घरी वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. त्यावर ऊन आणि ढग अशी जवळजवळ बाळबोध चिन्हे होती आणि एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे वडील प्रत्येक फोटोपूर्वी आभाळाकडे पाहत. हल्ली आपण पडद्याकडे पाहतो. 'सूर्य पाठीशी ठेवा' हा त्या काळचा एकमेव उपदेश, आणि त्यापायी आमच्या घरच्या अल्बमात तीन पिढ्या डोळे मिचकावून उभ्या आहेत.

उजेडाशी ही झटापट आपल्याकडे फार जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी छायाचित्रकार. त्या वेळच्या काचेच्या पट्ट्यांना निळा रंगच तेवढा प्रखर दिसे, म्हणून जुन्या चित्रांतले आभाळ कोरे पांढरे असते. ढग नव्हते असे नाही. ते पट्टीवर उमटत नसत.

असो. आता खाडीकडे वळू. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती रामसर यादीत गेली. साधारण नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत रोहित पक्षी येथे मुक्कामाला असतात. भरतीने खाडीचा चिखल बुडाला की त्यांचे थवे नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांत येऊन उभे राहतात, आणि मग काठावर कॅमेऱ्यांची रांग लागते. निम्म्या लोकांची चित्रे उजेडामुळे फसतात. मात्र त्याचा उपाय कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सापडत नाही, तो पंचांगात सापडतो.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, त्यावरून हे गणित बसले आहे. दिवसातून दोनदा भरती येत असल्याने हीच वेळ सकाळी आणि रात्री, दोन्हीकडे धरायची. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण आडाखा म्हणून पुरतो. आता छायाचित्रकाराची पंचाईत पाहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, चिखल पूर्ण बुडतो, पक्षी हमखास तळ्यात येतात, परंतु ते येतात भरदुपारी. अष्टमीला भरती सकाळी सहाच्या सुमारास, उजेड कोवळा. पण तेव्हा असतो भांग. पाणी जेमतेम चढते आणि पक्षी खाडीतच रेंगाळतात. नवी मुंबई खाडीच्या पूर्वेला आहे, म्हणजे काठावरून पाण्याकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी सकाळी सूर्य असतो आणि संध्याकाळी डोळ्यांत. या साऱ्याची बेरीज-वजाबाकी केली तर दशमी ते द्वादशी हे दिवस उरतात: भरती साडेसात ते नऊ, पाणी बऱ्यापैकी चढते, ऊन तिरपे आणि पाठीमागून. दोन्ही पक्ष धरून महिन्यात पाच-सहा सकाळी मिळतात. एकादशीचा उपवास करणाऱ्यांनी निघण्यापूर्वी थोडे खाऊन घ्यावे, कारण तिथे उभे राहून भूक फार लागते. खाडीची वाट बुजून भरतीचे पाणी तळ्यात शिरेनासे झाले की मात्र कोणतीही तिथी कामाची नाही. तळे वाळते आणि पक्षी येत नाहीत.

तिथी साधली तरी पांढऱ्या पक्ष्याची अडचण राहतेच. प्रकाशमापकाची एक समजूत पक्की असते: जग सरासरीने मध्यम करडे आहे. समोर पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे अठरा टक्के परतवणारा करडा रंग हे त्याचे प्रमाण. त्याला काळाभोर चिखल दाखवा, तो म्हणतो हे फार काळे झाले, आणि उजेड वाढवून चिखल करडा करतो. त्या चिखलातल्या बगळ्याची पिसे मग जळून जातात. पांढऱ्या ठिपक्याला चोच चिकटवल्यासारखा बगळा दिसतो. उलट चकाकत्या पाण्यावर रोहितांचा थवा असेल तर यंत्र म्हणते हे फार पांढरे, आणि गुलाबी पक्षी मळकट होतात. म्हणून काळ्या चिखलातल्या पांढऱ्या पक्ष्याला एक स्टॉप उणे, आणि चकाकत्या पाण्यावरच्या थव्याला एक स्टॉप अधिक. यंत्राला जे वाटते त्याच्या उलट जायचे. विश्वास बसत नसेल तर आपला तळहात त्याच उन्हात धरून त्यावर माप घ्यावे. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, हे लक्षात ठेवून त्या मापात एक स्टॉप उजेड वाढवावा. हा प्रकाशमापक फुकट आहे आणि घरी विसरत नाही.

येथे जुन्या लोकांना एक धडा उलटा गिरवावा लागतो. निगेटिव्हवर काम करणारा सावलीसाठी माप घेत असे, कारण सावलीत तपशील उमटला नाही तर तो छापताना आणता येत नसे. थोडा जास्त उजेड मात्र निगेटिव्ह पचवी. डिजिटलचे नेमके उलट आहे. जे पांढरे जळाले ते कायमचे गेले. काळोखात मात्र थोडेफार उरलेले असते, विशेषतः चित्र 'रॉ' स्वरूपात साठवले असेल तर. म्हणून आज माप उजळ भागाचे घ्यायचे. फोनवाल्यांनी पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, की माप चेहऱ्याचे होते. हल्लीचे फोन तीन-चार वेगवेगळ्या मापांची चित्रे पटापट घेऊन त्यांचे एक चित्र जुळवतात. सोय उत्तम, पण कधी कधी सावल्या इतक्या उजळतात की दुपार आहे की संध्याकाळ हेच कळत नाही.

पावसाळ्याविषयी थोडेच सांगतो. ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा प्रचंड पडदा. चेहरे, पाने, ओले कातळ त्यात सुरेख उमटतात, फक्त आभाळ पांढरे फटक पडते. म्हणून ते चौकटीबाहेर ठेवावे. ओल्या पानांवरची चमक 'पोलरायझर' काचेने उतरते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. खारघरच्या पांडवकड्याचा काळा कातळ आणि पांढरे पाणी ही तर चिखल-बगळ्याचीच जोडी. तेथे माणसे बुडून दगावली आहेत आणि पावसाळ्यात जायला बंदी घालतात. तो दुरून रस्त्यावरूनही दिसतो, तेवढ्यावर भागवावे. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी लांबचे डोंगर काढायचा हट्ट धरू नये. त्या धुरकटात जवळचे काही उभे करावे, एखादी होडी, जाळे विणणारा माणूस. मागचे सगळे आपोआप फिके होते आणि गर्दी लपते.

आत्याच्या फोटोंपैकी एक, कशी कोण जाणे, 'रॉ' स्वरूपात साठवला गेला होता. अलीकडे तो मी संगणकावर हळूहळू उजळला. रवाळ झाला, अंगण तर गेलेच, पण पडवीच्या काळोखातून तिचा चेहरा वर आला, आणि मागे जात्याचा खुंटा. छापून घेऊन तिच्या नव्या घरी गेलो. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला आणि दाराच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "ही हिरवी होती. तू काळी केलीस."