वाघाचे स्थानांतर

वाघाचा जन्मस्थान सोडून नवे क्षेत्र शोधण्याचा प्रवास. पिले सु. दीड ते दोन वर्षांची होईपर्यंत आईबरोबर राहतात. पुढे माद्या बहुधा आईच्या क्षेत्राला लागूनच स्थायिक होतात. नर मात्र दूर जातात. नेपाळमधील चितवन येथील अभ्यासात नरांच्या स्थानांतराचे सरासरी अंतर सु. ३३ किमी., तर माद्यांचे १० किमी.हून कमी आढळले.

प्रौढ नराच्या क्षेत्रात अनेक माद्यांची क्षेत्रे सामावलेली असतात व तेथे तो दुसरा नर सहसा खपवून घेत नाही. मूत्राचे फवारे व झाडांवरील ओरखडे हा हद्दीचा इशारा होय; तो न मानणाऱ्याला प्राणघातक झुंजीस तोंड द्यावे लागते. तेव्हा तरुण नराचे भटकणे ही लहर नसून त्याला ते भागच असते. यामुळे अंतःप्रजननही टळते. सिंहाचे तरुण नरही असेच कळपाबाहेर पडतात, परंतु पुष्कळदा भावंडांच्या सोबतीने; वाघ एकटा जातो. प्रौढ नरही बलवत्तर नराकडून पराभूत झाल्यास क्षेत्र सोडतो.

नागपूरच्या आसपास पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही वने शेते, रस्ते व कालवे यांनी तुटलेली असून त्यांतील लहान वने थोड्याच नरांना पुरतात. ‘जय’ हा नर २०१३ मध्ये नागझिऱ्याहून वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. तरी एप्रिल २०१६ नंतर त्याचा माग लागला नाही. त्याचा बच्चा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ शेताच्या कुंपणातील विद्युत् प्रवाहाने मेला. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी अशा तारा लावल्या जातात. वाटसरू वाघ त्यांत सापडतो. याउलट यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण नर जून २०१९ मध्ये निघून तेलंगणाचा काही भाग व मराठवाडा तुडवीत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. भक्ष्य मिळाले, प्रतिस्पर्धी नव्हता. पण वाघीणही नव्हती.

म्हणून स्थानांतरात केवळ वन पुरेसे नसते, वनांमधील वाटही लागते. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंच येथे वन्य प्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवण्यात आले; तेथील कॅमेऱ्यांनी वाघांची ये-जा टिपली आहे.