डेटाबेसशी जोडणी आणि माहितीची पूर्वतपासणी : मावळातील स्थलनामांच्या आधारे

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• डेटाबेसशी जोडणी करताना लागणारे तपशील सांगता येतील;
• पूर्वतपासणीसाठी केवळ वाचनाचा अधिकार का पुरेसा असतो, हे स्पष्ट करता येईल;
• देवनागरी मजकुराच्या तपासणीत कोणती दक्षता घ्यावी, हे समजेल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, स्थलनामांचा अभ्यास हा भाषाभ्यासाचा एक महत्त्वाचा भाग आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत 'मामाल' हे प्रदेशनाम आढळते आणि अभ्यासक त्याचा संबंध आजच्या 'मावळ' या नावाशी जोडतात. समजा, आपण मावळ तालुक्यातील गावांची नावे जुन्या पुस्तकांतून, नकाशांतून व कागदपत्रांतून गोळा केली आणि ती एका डेटाबेसमध्ये साठवली. तक्त्यात गावाचे नाव, खोरे, स्रोत आणि स्रोताचे वर्ष असे स्तंभ आहेत. विवेचनास आरंभ करण्यापूर्वी ही माहिती किती पूर्ण आहे, तिच्यात कोठे पुनरुक्ती व विसंगती आहे, हे पाहावे लागते. या पाहणीस 'डेटा प्रोफाइलिंग' म्हणतात. आपण तिला पूर्वतपासणी म्हणू.

२. जोडणीचे तपशील

पूर्वतपासणी करणारे साधन आणि डेटाबेस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांच्यात संपर्क होण्यासाठी पुढील तपशील द्यावे लागतात : डेटाबेस ज्या संगणकावर आहे त्याचा पत्ता, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि त्या डेटाबेसला अनुरूप असा ड्रायव्हर. मायएसक्यूएलचा रूढ पोर्ट क्रमांक ३३०६, तर पोस्टग्रेएसक्यूएलचा ५४३२ असतो. डेटाबेस आपल्याच संगणकावर असेल तर पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहितात. पासवर्ड मात्र आज्ञावलीत लिहून ठेवू नये. ती फाइल दुसऱ्याच्या हाती गेल्यास पासवर्डही जातो.

३. केवळ वाचनाचा अधिकार

पूर्वतपासणीसाठी स्वतंत्र वापरकर्ता तयार करून त्याला केवळ वाचनाचा अधिकार द्यावा. याचे कारण आपल्या विषयातच आहे. तक्त्यात एके ठिकाणी 'वडगांव' आणि दुसरीकडे 'वडगाव' दिसले, तर पहिले रूप 'सुधारण्याचा' मोह होतो. परंतु १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळले. म्हणजे 'वडगांव' हे रूप चूक नसून जुन्या लेखनपद्धतीचा पुरावा असू शकते. लेखनाचा अधिकार असलेल्या जोडणीतून दिलेली एकच आज्ञा असे सर्व पुरावे क्षणात पुसून टाकील. पूर्वतपासणीचे काम भेद दाखवण्याचे आहे. तो दोष की पुरावा, हे अभ्यासकाने ठरवायचे असते.

डेटाबेस इतरांच्याही नित्य वापरात असेल, तर तपासणी त्याच्या प्रतीवर करावी. प्रत्येक स्तंभातील सर्व नोंदी वाचणाऱ्या तपासणीमुळे मूळ काम मंदावते.

४. देवनागरीसाठी दक्षता

जोडणी झाल्याचा संदेश आला म्हणजे जोडणी योग्य झाली, असे नव्हे. जोडणीची अक्षरसंहिता यूटीएफ-८ असणे आवश्यक आहे. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' निवडावी. याची परीक्षा सोपी आहे. 'लोणावळा' या शब्दात आपणांस चार अक्षरे दिसतात. परंतु संगणक काना-मात्रा वेगळ्या मोजत असल्याने त्याच्या लेखी तेथे ७ चिन्हे असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून एकूण २१ बाइट होतात. जोडणीतून आलेल्या मजकुराची लांबी २१ बाइट असेल, तर मजकूर शाबूत आहे. त्याऐवजी सात प्रश्नचिन्हे दिसली, तर जोडणीची संहिता चुकली आहे. अशा वेळी सात चिन्हांची सर्व गावे एकसारखीच दिसतील आणि अस्तित्वात नसलेली पुनरुक्ती अहवालात येईल.

दुसरी दक्षता तुलनेची. काही तुलनानियम अनुस्वारासारखे सूक्ष्म भेद दुर्लक्षित करतात. त्यामुळे 'वडगांव' आणि 'वडगाव' एकच मोजले जाऊ शकतात. भेद जपायचे असल्यास बायनरी तुलना वापरावी. याउलट, 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द अशा वेळी बायनरी तुलनेत दोन ठरतो. म्हणून दोन्ही प्रकारे मोजणी करून फरक पाहावा.

५. तपासणीचे वाचन

प्रत्येक स्तंभाबाबत चार प्रश्न विचारावेत : किती नोंदी रिकाम्या आहेत? भिन्न मूल्ये किती आहेत? सर्वांत लहान व सर्वांत मोठे मूल्य कोणते? मूल्यांची घडण एकसारखी आहे काय? वर्षाच्या स्तंभात कोठे '१९६२', कोठे '६२' असेल, तर ते चौथ्या प्रश्नातून उघड होते.

पुनरुक्ती ठरवताना स्थानिक भूगोल विसरू नये. मावळात टाकवे बुद्रुक व टाकवे खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत. कुसगावाचेही तसेच आहे. केवळ 'टाकवे' अशी नोंद असल्यास खोऱ्याचा स्तंभ पाहावा आणि मूळ स्रोत पुन्हा उघडावा. घाईने दोन नोंदी एक केल्या, तर एका गावाचा इतिहास दुसऱ्याच्या नावे जमा होतो.

सारांश

जोडणी हा तांत्रिक उपचार नाही. कोणत्या अधिकाराने, कोणत्या अक्षरसंहितेत आणि कोणत्या तुलनानियमाने आपण माहितीकडे पाहतो, यावर काय दिसेल हे ठरते. मूळ नोंद अबाधित ठेवून निष्कर्ष स्वतंत्र स्तंभात किंवा वहीत नोंदवणे, ही अभ्यासकाची शिस्त होय.

आपली प्रगती तपासा

१. पूर्वतपासणीसाठी लेखनाचा अधिकार का टाळावा? सोदाहरण लिहा.
२. 'मावळ' या शब्दातील चिन्हे व बाइट मोजा.
३. आपल्या तालुक्यातील दहा गावांची नावे दोन वेगवेगळ्या काळांतील स्रोतांतून नोंदवा आणि त्यांतील लेखनभेदांचे वर्गीकरण करा.