नोंदवही कोरी आहे, म्हणून वॉर्ड सुरक्षित?

गैरसमज : थकवा हा सिस्टरचा खासगी प्रश्न. चार दिवस रजा घेतली की उतरतो.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली ती नोकरीशी जोडूनच. हा आजार नव्हे. कामाच्या जागचा ताण दीर्घकाळ तसाच राहू दिल्याचा तो परिणाम. त्याच्या खुणा तीन : अंगातलं बळ संपणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण रुग्णाला सगळ्यात जास्त भोवत असावी, कारण तेव्हा माणूस हजर असतो, पण त्याचं लक्ष नसतं. रजेवरून परतल्यावर वॉर्ड तोच, खाटाही तेवढ्याच.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या दोन लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि परिचारिकेच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. पण २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही मृत्यूंबाबत तोच ७ चा आकडा आला.

गैरसमज : निष्काळजीपणा म्हणजे चुकीचं इंजेक्शन.

वस्तुस्थिती : बातमी त्याचीच होते. राहून गेलेल्या कामाची होत नाही. कूस बदलायची राहिली, कॅथेटर काढायचा राहिला, ‘पेशंट जरा बरळतोय’ हे नातेवाइकांचं सांगणं डॉक्टरांपर्यंत पोचलं नाही. जंतुसंसर्ग अंगात पसरू लागला की बरेचदा रक्तदाब कोसळण्याआधी श्वासाचा वेग वाढतो. तो कळायला घड्याळ धरून खाटेजवळ उभं राहावं लागतं. सवड नसली की सगळ्यांच्या चार्टवर १८ किंवा २० लिहून मोकळं होण्याची खोड जगभरच्या वॉर्डांत आहे. रुग्ण हळूहळू खालावत जातो आणि कागदावर मात्र सगळं ठीक दिसत राहतं.

गैरसमज : मुरलेल्या सिस्टरला डबल ड्युटी काही जड नाही.

वस्तुस्थिती : ३९३ परिचारिकांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदींवरून २००४ मध्ये दिसलं, की पाळी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली की चूक होण्याचा धोका तिपटीवर जातो.

गैरसमज : जिथे चुकांच्या नोंदी कमी, तो वॉर्ड चांगला.

वस्तुस्थिती : संशोधक एमी एडमंडसन यांचीही सुरुवातीला हीच अटकळ होती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उलटंच निघालं : ज्या वॉर्डांत वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलता येतं, तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त. लोक जास्त चुकत होते म्हणून नव्हे, लपवत नव्हते म्हणून. आपल्याकडे चूक कबूल केली की मेमो हातात पडणार असेल, तर कोण लिहील? थोडक्यात टळलेला प्रसंग तर कुणी उच्चारतही नाही, आणि शिकण्यासारखं सगळं नेमकं त्यातच असतं.

ही लपवाछपवी वाढत गेली की काय होतं, ते इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात दिसलं. काळ साधारण २००५ ते २००९. खर्च वाचवण्यासाठी माणसं कमी केली होती. तातडीच्या विभागात कोण किती गंभीर, हे कधी कधी स्वागतकक्षातले कर्मचारीच ठरवत. तिथल्या रुग्णाला चार तासांत दाखल करण्याचं किंवा घरी पाठवण्याचं उद्दिष्ट गाठलं असं दिसावं म्हणून वेळा खोट्या लिहिण्याचा दबाव परिचारिकांवर होता. तक्रार करणारीला सहकाऱ्यांनीच धमकावलं. रुग्ण तहानलेले आणि अस्वच्छ पडून राहत. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या चौकशी अहवालात हे सविस्तर आहे. त्या वॉर्डांतल्या सगळ्याच परिचारिका जन्मतः निर्दयी होत्या असं मानणं सोपं आहे, पण ते खरं वाटत नाही.

गैरसमज : एवढ्या सिस्टर नेमणं परवडत नाही.

वस्तुस्थिती : भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण-रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक. रात्रपाळीत एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असणं मात्र आपल्याकडे नवलाचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ पासून २७ सरकारी रुग्णालयांतल्या ठरावीक वॉर्डांना सरासरीचं बंधन घातलं : दिवसा चार रुग्णांमागे एक, रात्री सातांमागे एक. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, पुन्हा दाखल होणं कमी झालं. यातून वाचलेला पैसा नव्या नेमणुकांच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला.