सापळा की मोहजाल?

लाच मागणारा हात पकडला गेला, ही वार्ता वाचून ज्याला समाधान होत नाही असा नागरिक विरळाच. कचेरीच्या पायऱ्या झिजवून थकलेल्या शेतकऱ्यास तर त्या वार्तेत आपल्याच अपमानाची भरपाई झाल्यासारखे वाटते. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या नगर जिल्ह्यात औद्योगिक विकास महामंडळाच्या एका अभियंत्यास, एक कोटी रुपयांची लाच स्वीकारल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या नाशिक पथकाने पकडले, तेव्हा रकमेचा आकडा ऐकूनच लोक थक्क झाले. त्या आरोपाचा निवाडा हे न्यायालयाचे काम. त्यावर आम्ही भाष्य करणार नाही. परंतु राळेगणसिद्धीच्या ज्या भूमीतून भ्रष्टाचाराविरुद्धचा आवाज २०११ साली दिल्लीपर्यंत पोचला, तेथील सुशिक्षितांनी तरी एक प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे: पोलिसांनी लावलेला सापळा आणि पोलिसांनी पसरलेले मोहजाल यांत भेद कोणता?

हा भेद आपल्या पुराणकारांना ठाऊक होता. कीचकाने द्रौपदीकडे आपण होऊन मागणी केली होती. नृत्यशाळेच्या अंधारात दबा धरून बसलेला भीम त्या पापाचा जनक नव्हता. उलट विश्वामित्र तपात मग्न होता, त्याने कोणाकडे काही मागितले नव्हते. मेनका इंद्राने धाडली. पहिला सापळा, दुसरे मोहजाल. पहिल्यात अपराध आधी व राजदंड मागून. दुसऱ्यात राजदंडच आधी आणि अपराध मागून!

१९५४ साली विंध्य प्रदेशच्या एका मंत्र्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. पण लाचेची रक्कम पोलिसांनीच पुरवावी आणि दंडाधिकाऱ्यास साक्षीदार म्हणून नेऊन बसवावे, या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. पुढे १९५६ मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, बिहारच्या एका प्रकरणात हेच तत्त्व अधिक स्पष्ट केले. मनुष्याच्या दुर्बलतेची कसोटी कायद्याच्या रक्षकांनीच मोह दाखवून घेऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

अमेरिकेत १९३२ च्या सोरेल्स खटल्यापासून मोहजाल हा आरोपीचा स्वतंत्र बचाव मानला जातो. इंग्लंडात तसा बचाव नाही. मात्र तेथील न्यायालय असा खटलाच थांबवू शकते, हे २००१ च्या लूसली प्रकरणात ठरले. आपल्या जुन्या दंड संहितेत हा बचाव नव्हता आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. मग निरपराध्याचे रक्षण कशात आहे? ते आहे पुराव्याच्या नियमांत. नोटांना लावलेल्या पुडीने बोटे धुतलेले पाणी गुलाबी झाले, एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. लाचेची मागणी झाली होती, हे सिद्ध व्हावे लागते. तक्रारदार मृत्यू पावला वा फितूर झाला तरी इतर पुराव्यावरून ती सिद्ध करता येईल, असे घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. परंतु मागणी सिद्ध करण्याची अट सोडली नाही. म्हणूनच पंचांसमक्ष होणारी मागणीची पडताळणी हा कागदी सोपस्कार नव्हे. सापळा आणि मोहजाल यांमधील तीच सीमारेषा होय.

ही सीमा खासगी हौशी मंडळी ओलांडतात तेव्हा काय घडते? २००७ साली दिल्लीत एका वाहिनीने छुप्या चित्रणाच्या आधारे एका शिक्षिकेवर घोर आरोप केला. जमावाने तिला मारहाण केली. पुढे ते सारे प्रकरणच बनावट ठरले! ज्यांनी काही वर्षे खडू हाती धरला आहे, अशा आम्हांस ती हकीकत आजही अस्वस्थ करते. कोणास भुलवून गुन्ह्यास प्रवृत्त करणारे चित्रण होता कामा नये, असे दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी बजावले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, केवळ लोकहिताचे नाव पुढे केल्याने लाच देणाऱ्याचा गुन्हा पुसला जात नाही.

वाचकांनी म्हणून एवढे ध्यानात ठेवावे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. नाइलाजाने दिली असल्यास सात दिवसांच्या आत कळविणाऱ्यास आणि आधी यंत्रणेस सांगून सापळ्यात साहाय्य करणाऱ्यास मात्र कायद्याने अभय दिले आहे. तेव्हा मागणी होताच १०६४ या क्रमांकावर कळवावे. स्वतःच नोटा आणि कॅमेरा घेऊन निघू नये.

लाचखोरास दया दाखवावी, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यासाठी सापळा हवा, आणि तो पक्का हवा. परंतु त्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर एखादा कारकून आयुष्यभर स्वच्छ हाताने काम करीत असतो. मनुष्य आहे तोही. घरी आजारपण असेल, मुलीचे लग्न असेल. त्याच्यापुढे न मागितलेली थैली ठेवून शासनाने त्याची परीक्षा घेऊ नये. शासनाचे काम चोर पकडण्याचे आहे. चोर घडविण्याचे नव्हे.