पाण्याच्या पोटात (भाग ७) : उथळ पाण्यातलं जहाज

बाभुळगावला आमच्या विहिरीत बादली पडली की आधी गळ सोडायचे. गळाला लागली नाही तर मला हाक. छाती भरून श्वास घ्यायचा, दाबून धरायचा आणि बुडी मारायची. दोन पुरुष खाली गेलं की कानात कळ उठे. वर आल्यावर उन्हानं तापलेल्या दगडाला कान लावून बसायचं. ती कळ कशाची, हे मला पन्नाशीत, गोव्याच्या समुद्रात समजलं.

मुरगावसमोरच्या ग्रँड आयलंडजवळ एक जुनं मालवाहू जहाज मोडून पडलं आहे. डुबकीवाले त्याला ‘सुझीज रेक’ म्हणतात. पाणी जेमतेम पंधराएक मीटर. एवढं उथळ, म्हणजे नवख्याला काही धोका नाही, असंच कुणालाही वाटेल. दाबाचा हिशेब मांडला की हा समज टिकत नाही.

जमिनीवर आपल्या अंगावर एक वातावरण एवढा हवेचा दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला तेवढाच आणखी वाढतो. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच तो दुप्पट होतो. १० वरून २० वर जाताना फक्त दीडपट. सगळी मोठी उलथापालथ वरच्या थरातच. कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो. तीच माझी विहिरीतली कळ. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की दाब सारखा होतो. मात्र दुखायला लागण्याआधीच फुंकायचं.

छातीचं गणित विहिरीपेक्षा उलटं आहे. विहिरीत वरून नेलेली हवा खाली दाबली जाते आणि वर येताना पुन्हा मूळ मापाची होते. सिलिंडरमधून मात्र त्या त्या खोलीच्या दाबाची हवा छातीत भरते. १० मीटरवर घेतलेली सहा लिटर हवा रोखून धरून वर आलं, तर ती बारा लिटर व्हायला बघते आणि फुप्फुस फाटतं. त्याला १० मीटरही लागत नाहीत, मीटर-दीड मीटर पुरतात. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. लहानपणी हाडात मुरलेली सवय मोडायला मला सरावाच्या तलावात दोन दिवस लागले. डोकं वर काढलं की प्रशिक्षक पोरगा कळवळून सांगायचा, “काका, सोडा, श्वास सोडत राहा!”

पुष्कळ जण ज्याला ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणतात, त्यात साधी हवाच असते, गाळलेली आणि कोरडी. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं सुमारे २४०० लिटर. मिनिटाला २० लिटर धरले तर पाण्याबाहेर दोन तास, १० मीटरवर एक तास, २० मीटरवर ४० मिनिटं. त्यातलीही काही राखून ठेवायची. उथळ जहाजावर बघायला वेळ मिळतो तो असा.

जहाजाचा पत्रा आधी नुसता करडा दिसला. लाल रंग पाणी पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. टॉर्चचा झोत पडला आणि त्याच पत्र्यावरचा स्पंज कुंकवासारखा उमटला. शेजारी कालवांची धारदार कड, आणि एका भोकातून बाहेर बघणारा गोबरा. वाळूच्या तळाला चिकटायला जागा नसते. लोखंड मिळालं की कालवं, स्पंज, प्रवाळ मूळ धरतात, लहान मासे फटींत लपतात, त्यांच्यामागून मोठे येतात. आत मात्र प्रशिक्षणाशिवाय शिरू नये. फिन्सनं गाळ उठला की बाहेरची वाट दिसत नाही, आणि डोक्यावर छप्पर असल्यानं सरळ वरही येता येत नाही.

बुडालेल्या जहाजावर मासे वसणं आपल्या कोकणात मुद्दाम घडवायचं ठरलं आहे. पोलंडमध्ये बांधलेली ‘आयएनएस गुलदार’ डिसेंबर १९८५ मध्ये नौदलात आली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी, सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाली. २०२५ मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली, सिंधुदुर्गातल्या निवती रॉक्सजवळ तळाला बसवण्यासाठी. अशा जहाजातलं तेल आणि विषारी माल बुडवण्याआधी काढावा लागतो. माझ्या मते सगळा प्रकल्प या साफसफाईवर उभा आहे. घाण पोटात घेऊन गेलेल्या जहाजात मासे नांदणार नाहीत.

वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. नांगराचा दोर धरून मी थांबलो होतो. खालून दुसऱ्या जोडीचे बुडबुडे येत होते. निघताना बोराएवढे, माझ्या बाजूनं जाताना फुगलेले, आणि वर उजेडाला टेकेपर्यंत एकेकाची चपटी, थरथरती थाळी झालेली.